अमूर्त चित्राचा फ्रेम केलेला प्रिंट घेताय? आधी हे बघा

अमूर्त चित्राचा प्रिंट घ्यायला निघालेल्या माणसाला मी आधी एकच गोष्ट सांगते: इथे चूक पकडायला चित्रात साक्षीदार नसतो. व्यक्तिचित्राचा प्रिंट बिघडला, चेहरा हिरवट आला, तर लहान मूलही बोट दाखवेल. निसर्गचित्र उलटं टांगलं तर घरातले हसतील. पण हा पट्टा मुळात तांबडा होता की विटकरी, हा चौकोन खरंच कडेला चिकटलेला होता की त्याच्या पलीकडे अजून चार बोटं रंग होता, हे नुसता प्रिंट बघून कळत नाही. त्यामुळे छापणाऱ्याची, कापणाऱ्याची आणि फ्रेम करणाऱ्याची हयगय चित्रकाराच्या नावावर खपून जाते. ‘अमूर्त आहे ना, असंच असेल.’

मी फ्रेमिंगचं काम करते. माझ्या टेबलावर नवे प्रिंट येतात, आणि बाहेरून तयार घेतलेल्या, पुढे काहीतरी बिनसलेल्या फ्रेमाही येतात. पाठीमागचा कागद फाडला की आत काय निघेल सांगता येत नाही. कधी खोक्याचा पुठ्ठा, कधी पॅकिंगची चिकटपट्टी, एकदा तर चित्रामागे दडपलेलं दुसरंच चित्र निघालं. पुढे लिहिलंय ते बरंचसं त्या पाठीमागच्या बाजूने शिकवलेलं आहे.

मूळ चित्र गाठा

प्रिंट आवडला की लगेच पैसे देऊ नका. मूळ चित्र ज्या संग्रहालयात किंवा संग्रहात आहे तिथली त्याची नोंद काढा आणि साल, माध्यम, मोजमाप टिपून घ्या. कडांसकट पूर्ण फोटो मिळाला तर तोही ठेवा. मोजमाप वाचताना एक लक्षात असू द्या: कलेच्या नोंदींत उंची आधी लिहितात, रुंदी नंतर. रशियन चित्रकार कान्डिन्स्कीचं १९१३ चं ‘कॉम्पोझिशन सात’ २०० × ३०० सेंटिमीटर आहे, म्हणजे आडवं.

विकणाऱ्याकडे चित्रकाराचं नावच नसेल, नुसतं ‘निळी-सोनेरी अमूर्त कलाकृती’ एवढंच असेल, तर ती सजावटीची वस्तू समजा. भिंतीला शोभत असेल तर जरूर घ्या. फक्त तिला फाइन आर्टचा भाव देऊ नका.

आता भागाकार करा. मूळ चित्राची छोटी बाजू भागिले मोठी बाजू, आणि तसंच प्रिंटमधल्या छापलेल्या भागाचं. फ्रेमच्या बाहेरच्या मापाचं नव्हे. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. तयार फ्रेमांची मापं ठरलेली असतात, ३० × ४०, ५० × ७०, ६० × ९० सेंटिमीटर वगैरे, आणि चित्रकारांनी काही ती बघून कॅनव्हास ताणलेले नसतात. मग विक्रेते चित्रच कापून फ्रेममध्ये बसवतात. समजा मूळ चित्र उभं, ४:५ प्रमाणातलं आहे आणि तुम्हाला प्रिंट मिळतोय २४ × ३६ इंचांचा. ३६ इंच उंचीला रुंदी २८.८ इंच हवी होती, मिळाली २४. म्हणजे चित्राचा सहावा हिस्सा गेला. फोटोत एखाद्याचा खांदा कापला गेला तर आपण ओरडतो, इथे सहावा हिस्सा जाऊनही कोणाला पत्ता लागत नाही. चित्रकार माल्येविचचा ‘काळा चौकोन’ (१९१५) साडेएकोणऐंशी सेंटिमीटरचा चौरस कॅनव्हास आहे, काळ्याभोवती पांढरी किनार असलेला. त्याचे उभट प्रिंटही विकले जातात. ती वेगळीच वस्तू झाली.

मूळ माप आणखी एका कामाला येतं: चित्र अंगावर येणारं आहे की जवळ जाऊन बघायचं आहे, हे त्यावरून ठरतं. स्विस-जर्मन चित्रकार पाउल क्लेची कितीतरी चित्रं वहीच्या पानाएवढी आहेत, ती मूळ मापात किंवा त्याच्या आसपास छापली तरी भागतं. स्वीडिश चित्रकर्ती हिल्मा आफ क्लिंटच्या १९०७ च्या ‘दहा सर्वांत मोठी’ या मालिकेतलं प्रत्येक चित्र तीन मीटरहून उंच आहे. ते ३० × ४० मध्ये आणलं की आकारांची छान नक्षी उरते, बाकी काही नाही. अमेरिकन चित्रकार रॉथकोचंही तेच. त्याचे दोन-दोन मीटरचे रंग माणसाला वेढायला काढलेले आहेत. लहान मापात घ्यायचा असेल तर रेषा आणि आकारांवर उभं असलेलं चित्र निवडा. रंगाच्या विस्तारावर उभं असलेलं चित्र मोठ्या मापात घ्या, नाहीतर घेऊ नका.

वर कुठलं, खाली कुठलं

हे हसण्यावारी नेऊ नका, भल्याभल्यांचं झालंय. फ्रेंच चित्रकार मातिसचं ‘ले बातो’ (म्हणजे ‘होडी’) १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात ४७ दिवस उलटं लटकत होतं. डच चित्रकार मोंद्रियानचं रंगीत चिकटपट्ट्यांचं ‘न्यूयॉर्क सिटी एक’ अनेक दशकं उलटं लावलं गेलं असावं, असं जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयातल्या क्युरेटरने २०२२ मध्ये सांगितलं. पट्ट्या सुटायला आल्या आहेत, फिरवलं तर चित्र बिघडेल, म्हणून ते तसंच ठेवलं.

प्रिंटच्या बाबतीत मात्र कारण साधं असतं: सोफा लांब, चित्र उभं, म्हणून आडवं केलं. एक ताई अशीच फ्रेम घेऊन आल्या होत्या. हुक लांब बाजूला ठोकलेले, आणि चित्रकाराची सही डाव्या कडेला खालून वर चढत गेलेली. त्या म्हणाल्या, मला वाटलं तीही रेघच आहे. सही, संग्रहालयाचा फोटो आणि प्रिंटच्या पांढऱ्या मार्जिनमधली अक्षरं, या तिन्हींत मेळ आहे का ते बघा आणि हुक कुठल्या बाजूला हवेत ते ऑर्डर देतानाच लिहून द्या.

हक्कांचा प्रश्न

कान्डिन्स्की, मोंद्रियान आणि हिल्मा आफ क्लिंट हे तिघेही १९४४ साली गेले. मृत्यूनंतर ७० वर्षं कॉपीराइट चालतो अशा देशांत त्यांची चित्रं २०१५ पासून मोकळी झाली. भारतात ही मुदत ६० वर्षांची आहे. मोकळी झाली म्हणजे कोणीही, कुठलीही फाइल उचलून छापू शकतो. म्हणूनच सर्वांत वाईट प्रिंट या तिघांचेच माझ्याकडे येतात. रॉथको १९७० मध्ये गेला, आपले भारतीय चित्रकार वासुदेव गायतोंडे २००१ मध्ये. त्यांचे हक्क अजून शाबूत आहेत. अशा चित्रकारांचा प्रिंट घेताना छापायची परवानगी कोणाची आहे ते विचारा. उत्तर देताना विक्रेता अडखळला तर समजून घ्या.

हयात चित्रकाराचा प्रिंट असेल तर शक्यतो त्याच्याकडूनच घ्या. रंग कसा यायला हवा हे सांगणारा माणूस जिवंत आहे, याहून मोठी हमी या धंद्यात नाही.

फाइल आणि रंग

मोठ्या प्रिंटला किती पिक्सेल लागतात हे पाठ करायची गरज नाही, गुणाकार येतो ना? जवळून बघायच्या प्रिंटला इंचाला ३०० पिक्सेल हा चांगला अंदाज आहे. २४ × ३६ इंचांना ७२०० × १०८०० झाले. दोन-तीन पावलांवरून बघणार असाल तर १५० वरही भागतं, म्हणजे ३६०० × ५४००. त्याखाली गेलं की ब्रशच्या फटकाऱ्याची कड विरघळायला लागते. अमूर्त चित्रात ती मऊ कड लोकांना ‘छान धूसर’ वाटते. मूळ चित्रात सुरीने ओढलेली धारदार कड असते आणि प्रिंटमध्ये धुकं. विक्रेत्याकडे एका कोपऱ्याचा पूर्ण आकारातला तुकडा मागा. कॅनव्हासची वीण किंवा रंगाची भेग दिसली पाहिजे. ‘काळ्या चौकोना’च्या प्रिंटमध्ये भेगांचं जाळं दिसलंच पाहिजे, नुसता सपाट काळा असेल तर कोणीतरी संगणकावर चौकोन काढून विकतोय.

रंगाचं म्हणाल तर पडद्यावर दिसतो तो रंग कागदावर येणार नाही, हे धरूनच चाला. पडदा उजेड फेकतो, कागद उजेड परतवतो. गडद अल्ट्रामरिन निळा, झगझगीत नारिंगी आणि फ्लोरोसंट जातीचे रंग सर्वांत आधी मान टाकतात. फ्रेंच चित्रकार इव्ह क्लाइनचा निळा हे टोकाचं उदाहरण. त्याने कोरड्या रंगपुडीचा मखमली मंदपणा टिकेल असा बाइंडर (रंगपूड धरून ठेवणारा चिकट पदार्थ) वापरला होता. तो निळा चकचकीत कागदावर छापून वर काच ठेवली की निळा उरतो, क्लाइन जातो. अशा चित्राचा प्रिंट घेऊच नये, असं माझं मत आहे.

छापण्यातच न येणारी आणखी एक गोष्ट म्हणजे थर. गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफने रंग लावत, खरवडत. त्यातला उजेड एकावर एक चढलेल्या पातळ थरांतून येतो. प्रिंटमध्ये ते सगळे थर एका पातळीवर येऊन बसतात. चांगला छापणारा त्याची थोडीफार भरपाई करतो, वाईट छापणारा कॉन्ट्रास्ट वाढवून मोकळा होतो.

जाड रंगाच्या चित्रांत एक गंमत असते. मूळ चित्राचा फोटो काढताना दिवा डावीकडून वरून असेल, तर रंगाच्या प्रत्येक उंचवट्याची सावली उजवीकडे खाली पडते आणि ती प्रिंटमध्ये कायमची छापली जाते. तुमच्या घरात खिडकी उजवीकडे असेल तर डोळा गोंधळतो आणि उंचवटे खड्ड्यांसारखे दिसू लागतात. ‘या चित्रात काहीतरी खटकतंय’ म्हणून आलेल्या फ्रेमला मी कधीकधी फक्त समोरच्या भिंतीवर हलवायला सांगते.

करायचं काय, तर चाचणीची पट्टी मागायची. चित्रातला सर्वांत अवघड भाग, बहुधा गडद निळा आणि त्याला लागून असलेला करडा, त्याच कागदावर, त्याच शाईत, हाताच्या पंजाएवढा छापून घ्या. ती पट्टी दिवसा खिडकीशी धरा आणि रात्री त्या भिंतीवरच्या दिव्याखाली धरा. दिव्याच्या खोक्यावर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा आकडा) ९० किंवा जास्त लिहिलेलं असेल तर रंगावर अन्याय होणार नाही. स्वस्त दिव्याखाली लाल रंग मरतो. प्रिंट महाग असेल आणि विक्रेता पट्टी द्यायला नाही म्हणत असेल, तर मी तरी पुढे जाणार नाही.

कागद, शाई आणि दहापट भिंग

‘जिक्ले’ (म्हणजे शाई फवारणाऱ्या इंकजेट मशीनवरचा प्रिंट), ‘म्युझियम ग्रेड’, ‘अर्कायव्हल’ (दीर्घकाळ टिकणारा) हे शब्द कोणीही लावतं. तुम्ही तीन सरळ प्रश्न विचारा. शाई पिगमेंट आहे की डाय? कागद कशाचा आहे? वजन किती?

पिगमेंट शाईत रंगाचे कण असतात, ते उजेडात बरेच टिकतात. डाय विरघळलेला रंग असतो, तो लवकर उडतो. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात जिक्ले जातीचे पहिले प्रिंट आयरिस नावाच्या मशीनवर निघाले तेव्हा डाय शाई होती, आणि त्यातले अनेक फिके पडले. कागद पूर्ण सुती असेल तर उत्तम; लाकडाच्या लगद्याचा पण लिग्निन (कागद पिवळा पाडणारा लाकडातला घटक) काढलेला, आम्लरहित असेल तरी चालेल. वजन चौरस मीटरला २०० ग्रॅमच्या वर असावं. हानेम्यूले नावाची जर्मन गिरणी १५८४ पासून कागद बनवते, त्यांचा ३०८ ग्रॅमचा सुती ‘फोटो रॅग’ छापणाऱ्यांत फार चालतो. कॅन्सनचेही तसेच कागद आहेत. नाव सांगितलं की निदान खोटं पकडता येतं.

मॅट (बिनचमकीचा) कागद की चमक असलेला, बेरियमचा पांढरा थर दिलेला बरायटा कागद? मॅटवर काळा थोडा करड्याकडे झुकतो, पण जलरंग, गुआश (अपारदर्शक जलरंग), मंद तैलरंग यांना तो शोभतो आणि कुठूनही बघा, चकाकत नाही. चित्राचा जीव खोल काळ्यात असेल तर बरायटा घ्या.

आता भिंग. दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग जवळ असू द्या. ते गडद भागावर न ठेवता फिक्या, ढगाळ करड्या भागावर ठेवा. निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके ओळीने, फुलांच्या नक्षीसारखे मांडलेले दिसले तर तो ऑफसेटचा, म्हणजे छापखान्यातल्या मशीनवरचा, पोस्टर आहे. पोस्टर वाईट नसतो, पण तो पोस्टरच्याच भावात यावा. ठिपके बारीक धुळीसारखे, कुठलीही ओळ नसलेले दिसले तर इंकजेट. आणि ठिपकेच नसतील, रंगाचा एकसंध थर कागदावर बसलेला आणि कड सुरीने कापल्यासारखी असेल, तर तो स्क्रीनप्रिंट (ताणलेल्या जाळीतून रंग दाबून काढलेला) असू शकतो. तो कदाचित चित्राची नक्कल नसून चित्रकाराने छापण्यासाठीच केलेलं मूळ काम असेल. अशा वेळी तुम्ही वेगळ्याच बाजारात उभे आहात; घाई नको, जाणकाराला दाखवा.

मार्जिनचा पांढरा कागद अंधारात अतिनील टॉर्चखाली धरा. निळसर चमकला तर त्यात ब्राइटनर (कागद शुभ्र दिसावा म्हणून घातलेलं रसायन) आहे. चांगल्या कागदांतही ते थोडं असतं. पण कागद ट्यूबलाइटसारखा पेटला तर हा शुभ्रपणा काही वर्षांचा पाहुणा आहे: ब्राइटनर दमतं, कागद मूळ पिवळसर रंगावर येतो आणि चित्रातले सगळे फिके रंग त्याबरोबर सरकतात.

कॅनव्हासवर छापलेल्या प्रिंटबद्दल मी फार उत्साही नाही. फोटोत मूळ कॅनव्हासची वीण, खाली छापायच्या कॅनव्हासची दुसरी वीण, आणि दोन्ही एकमेकींत अडकतात. त्यावर पारदर्शक जेलचे खोटे फटकारे मारून ‘टेक्स्चर’ करणारेही आहेत. ते फटकारे चित्रातल्या खऱ्या फटकाऱ्यांना आडवे जातात. कॅनव्हासच हवा असेल तर वर व्हर्निश आहे का आणि चित्र कडांवर दुमडलंय का, ते विचारा. दुमडलं असेल तर पुढच्या बाजूने चारही बाजूंची पट्टी गेली.

आवृत्तीबद्दल, म्हणजे मोजक्याच प्रती काढून त्यांना क्रमांक देण्याबद्दल, थोडक्यात. १२/५० म्हणजे पन्नासातला बारावा, एवढंच. पेन्सिलने केलेली सही हाताची असते, चित्राबरोबर छापलेली सही म्हणजे सही नव्हे. आवृत्ती मर्यादित ‘कुठल्या मापात’ हेही विचारा, कारण पन्नास प्रती मोठ्या, पन्नास मधल्या, पन्नास छोट्या असा खेळ चालतो. क्रमांक असल्याने वाईट छपाई चांगली होत नाही.

फ्रेम: इथेच खरे पैसे वाया जातात

पहिला मुद्दा माउंटचा. माउंट म्हणजे चित्राभोवतीचा कापलेला जाड बोर्ड, साधारण दीड मिलिमीटरचा, आतली कड पंचेचाळीस अंशांत छाटलेली. त्याचं काम शोभेच्या आधी हे, की प्रिंट काचेला चिकटू नये. काचेला टेकलेला प्रिंट दमट हवेत चिकटतो आणि मग तो काढता येत नाही. माउंट नको असेल तर काच आणि कागद यांच्यात पातळ स्पेसर लावून घ्या.

माउंट आम्लरहित नसेल तर काही वर्षांनी चित्राभोवती तपकिरी रेघ उमटते. छाटलेल्या तिरप्या कडेकडे बघा: आतला गाभा पांढरा असेल तर ठीक, मळकट पिवळा असेल तर तोच रंग एक दिवस कागदात उतरणार आहे.

अमूर्त चित्राला माउंट लावताना एक चूक जवळपास सगळे करतात. माउंट सगळीकडून तीन ते पाच मिलिमीटर चित्रावर चढवतात. निसर्गचित्रात चालून जातं. पण मोंद्रियानच्या १९२० च्या आसपासच्या चित्रांत काही काळ्या रेषा कडेपर्यंत जात नाहीत, जरा अलीकडेच थांबतात. चित्राचा श्वास त्या थोड्याशा पांढऱ्या जागेत आहे. माउंटने ती झाकली की रेषा कडेत घुसतात आणि चित्र पिंजऱ्यासारखं दिसतं. म्हणून माउंटची खिडकी छापलेल्या भागापेक्षा चारही बाजूंनी अर्धा-एक सेंटिमीटर मोठी ठेवायला सांगा, पांढरा कागद दिसू द्या. कागदाची कड हातकागदासारखी सुंदर असेल तर ‘फ्लोट’ करून घ्या: कागद मागच्या बोर्डवर वर उचललेला, चारही कडा उघड्या.

प्रिंट बोर्डला कसा लावलाय ते विचाराच. योग्य पद्धत अशी: वरच्या बाजूला जपानी कागदाच्या दोन छोट्या बिजागऱ्या, गव्हाच्या खळीने चिकटवलेल्या, बाकी तीन बाजू मोकळ्या. कागद दमट हवेत पसरतो, कोरड्या हवेत आकसतो. त्याला हलायला जागा हवी. चारही बाजूंनी चिकटपट्टी मारली की एका पावसाळ्यात प्रिंटला लाटा येतात. काही जण प्रिंट अख्खाच गरम दाबून बोर्डवर चिकटवतात. सपाट मस्त दिसतो, पण परत निघत नाही. पोस्टरला चालेल, क्रमांकाचा, सहीचा प्रिंट असेल तर हात लावू देऊ नका.

काचेवर मात्र खर्च करा. साधी काच समोरून पडणाऱ्या उजेडातला साधारण आठ टक्के परतवते, आणि गडद अमूर्त चित्रासमोर ते आठ टक्के म्हणजे तुमचा स्वतःचा चेहरा, पंखा आणि खिडकी. ‘नॉन-ग्लेअर’ नावाची खरखरीत काच प्रतिबिंब पुसते पण चित्रही धूसर करते, ती मला आवडत नाही. चांगल्या प्रतिबिंबरोधक काचेचं परतवणं एक टक्क्याच्या खाली येतं आणि काही प्रकार ९९ टक्क्यांपर्यंत अतिनील किरण अडवतात. महाग असते, मान्य. फिक्या चित्राला, खिडकी समोर नसेल तर, अतिनील अडवणारी साधी काच पुरते. काळं, गडद निळं, तपकिरी चित्र असेल तर फ्रेमची पट्टी स्वस्तातली घ्या आणि वाचलेले पैसे काचेत घाला.

मोठ्या मापाला काचेऐवजी अॅक्रिलिक (काचेसारखं पारदर्शक प्लास्टिक) बरं. दोन मिलिमीटरची काच चौरस मीटरला पाच किलो भरते, तेवढ्याच जाडीचं अॅक्रिलिक त्याच्या अर्ध्याहून कमी. फुटून चित्र फाडत नाही. ओरखडे मात्र पटकन पडतात आणि स्थिर विजेने धूळ ओढतं. चारकोल किंवा पेस्टलचं काम असेल तर अॅक्रिलिक नकोच, ते कागदावरची भुकटी ओढून घेतं.

पट्टी लाकडाची, एमडीएफवर (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोर्डवर) कागद चढवलेली किंवा सिंथेटिक, काहीही असो, कोपरे बघा. नख फिरवून बघा. फट लागली किंवा वरचा पापुद्रा उचललेला लागला तर दुसरी मागा. रंगाच्या बाबतीत माझा हात नेहमी साध्याकडे जातो: बारीक काळी, पांढरी किंवा नैसर्गिक लाकडाची. चित्रातला एखादा रंग उचलून तीच पट्टी लावायची हौस अनेकांना असते, पण मग नजर त्या रंगाशीच अडकते आणि बाकी चित्र मागे पडतं.

मागच्या बाजूला उघडा एमडीएफ थेट प्रिंटला टेकलेला नको. मध्ये आम्लरहित बोर्ड हवा. सर्वांत मागे कागद चिकटवून धूळबंद केलेलं असावं, नाहीतर कसरीला आयतं घर मिळतं. आणि प्रिंट ताजा असेल तर फ्रेम करण्याआधी किमान एक दिवस उघड्यावर सुकलाय का, विचारा. ओल्या शाईतली वाफ आत अडकली की काचेच्या आतून धुरकट थर जमतो आणि लोक बाहेरून पुसत बसतात.

ऑर्डर देताना आणि फ्रेम घरी आल्यावर

विक्रेत्याला लेखी पाठवायचं ते साधारण असं: ‘छापलेल्या भागाचं नेमकं माप कळवा. मूळ चित्र कुठून कापलंय का? कागदाचं नाव, वजन, शाईचा प्रकार काय? प्रिंट बोर्डला कसा लावलाय? माउंट आणि मागचा बोर्ड आम्लरहित आहे का? काच कुठली? वाटेत फुटली तर बदलून देण्याची मुदत किती?’ यातल्या अर्ध्याच प्रश्नांना नीट उत्तरं आली तर फ्रेमशिवाय, गुंडाळलेला प्रिंट मागवा आणि फ्रेम ओळखीच्या माणसाकडून करून घ्या. पुष्कळदा तेच शहाणपणाचं असतं, कारण काच आणि फ्रेमचा प्रवास हीच सर्वांत मोठी जोखीम असते.

पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. फ्रेम पालथी करून हलकेच हलवा. आत काही खडखडलं तर मुदतीतच कळवा. मग संग्रहालयाचा तो आधी जपून ठेवलेला फोटो समोर घ्या आणि चारही कोपरे एकेक करून जुळवा. रंग नंतर बघा.

टांगताना चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर येऊ द्या, उभ्या माणसाची नजर तिथे पडते. खाली सोफा असेल तर सोफ्याच्या पाठीपासून वीस सेंटिमीटरच्या आत ठेवा, चित्राची रुंदी सोफ्याच्या दोन-तृतीयांशाजवळ असली की ते तरंगत नाही. मोठ्या फ्रेमला एकाच खिळ्यावर तार लटकवू नका, दोन डी-रिंग (फ्रेमच्या मागे स्क्रूने बसवायच्या कड्या) आणि दोन हुक घ्या. अमूर्त चित्र जरा तिरकं झालं तर रेषांचा सगळा हिशेब बिघडतो. खालच्या दोन कोपऱ्यांना रबराची बटणं लावा, मागून हवा खेळते. थेट ऊन पडणारी भिंत आणि ओल येणारी बाहेरची भिंत टाळा. संग्रहालयं कागदावरच्या नाजूक कामाला ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपास उजेड देतात. घरात तेवढा अंधार कोणी ठेवणार नाही, पण चित्रावर रोखलेला दिवा रात्रभर चालू ठेवायची गरजही नाही.

पुसताना स्प्रे काचेवर मारू नका, कपड्यावर मारा. थेंब पट्टीच्या खाचेतून आत उतरतात आणि माउंट खालून ओला होतो. अॅक्रिलिकला अमोनियावालं काच-क्लीनर चालत नाही, मऊ सुती कापड आणि साधं पाणी पुरे.